मुलांना मिटिंगला बसवायचं का?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. स्काउट-गाईडच्या मुलांना मोठ्यांच्या मिटिंगमध्ये बसू द्यावं असं मला अगदी मनापासून वाटतं. पण सगळ्या मिटिंगला नाही आणि सगळा वेळही नाही. आणि त्याच्याही आधी एक काम आहे जे आपण करत नाही, ते म्हणजे मुलांची स्वतःची मिटिंग नीट चालू करणं. ती चालू नसेल तर आपल्या मिटिंगमध्ये एका कोपऱ्यात दोन खुर्च्या टाकून काही होत नाही.

मी गोव्यात डिचोली भागात गाईड कॅप्टन आहे, म्हणजे गाईड मुलींची तुकडी चालवते (त्या तुकडीला कंपनी म्हणतात), शाळेत शिकवते, आणि लहानपणी ह्याच भागातल्या एका कंपनीत गाईड होते, पेट्रोल लीडर होते, म्हणजे कंपनीतल्या एका छोट्या गटाची प्रमुख. म्हणजे दोन्ही बाजूंनी मिटिंग बघितल्यात, बाहेर व्हरांड्यात थांबून पण आणि आत टेबलाजवळ बसून पण. व्हरांड्यात असताना आम्हाला एवढंच कळायचं की आत काहीतरी ठरतंय आणि चहा आत गेला म्हणजे अजून अर्धा तास. मग टीचर बाहेर यायच्या आणि सांगायच्या, कॅम्प अमुक तारखेला, पैसे एवढे, आईबाबांची सही घेऊन या. आम्ही काही विचारायचो नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

आता हा विषय परत डोक्यात यायचं कारण म्हणजे ग्रुप कमिटीच्या, म्हणजे आमचं स्काउट-गाईडचं काम बघणाऱ्या मोठ्यांच्या कमिटीच्या, मिटिंगला पेट्रोल लीडर्सना बोलवूया का असं मी सुचवलं आणि त्यावर जी चर्चा झाली ती. एक सर म्हणाले, मुलं कशाला, आपल्याला मोकळेपणाने बोलता येणार नाही. एक पालक म्हणाल्या, माझ्या मुलीचा अभ्यास बुडेल. आणखी एकजण म्हणाले, बोलवा की, बसतील गप्प, शिकतील. ह्या तिन्ही म्हणण्यांवर मी बरेच दिवस विचार केला आणि मला सगळ्यात जास्त त्रास तिसऱ्याचा झाला, म्हणजे जे माझ्या बाजूने होतं त्याचाच. बसतील गप्प!

स्काउटिंग सुरू कुठून झालं ते बघितलं तर हा प्रश्नच उलटा होता असं दिसतं. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर स्काउटिंगचे जनक बेडन-पॉवेल ह्यांनी वीसएक मुलं नेली, काही ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांतली, काही बोर्नमथ आणि पूलच्या कामकरी घरातली, आणि त्यांची चार पेट्रोल्स केली, कर्ल्यू, रेव्हन, वुल्फ आणि बुल. प्रत्येक पेट्रोलला त्यांच्यातलाच एक मोठा मुलगा लीडर, आणि त्या पेट्रोलचं काय चाललंय ह्याची जबाबदारी त्या मुलावर, कुठल्या मोठ्या माणसावर नाही. पुढे ह्यातूनच कोर्ट ऑफ ऑनर आलं. सगळे पेट्रोल लीडर एकत्र बसतात, ट्रूपचं, म्हणजे सगळ्या पेट्रोल्सच्या मिळून झालेल्या स्काउट तुकडीचं, काय करायचं ते ठरवतात, कोणाला शाबासकी, कोणाची कानउघाडणी, पैसे कशावर खर्च करायचे, पुढचा कार्यक्रम काय. बेडन-पॉवेलनी लिहून ठेवलंय की बऱ्याच ठिकाणी स्काउट मास्टर ह्या मिटिंगला बसतो पण मत देत नाही. हे वाचलं तेव्हा मी थांबले. म्हणजे मुळात मोठा माणूस मुलांच्या मिटिंगमध्ये पाहुणा होता, आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी आपण चर्चा करतोय की मुलाला मोठ्यांच्या मिटिंगमध्ये पाहुणा म्हणून घ्यायचं का.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधले कितीतरी स्काउट मास्टर लढाईवर गेले आणि मागे ट्रूप्स ह्या पेट्रोल लीडर्सनी चालवले, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी. चालवू शकले कारण आधीपासून चालवतच होते. आपल्याकडे कॅप्टन बाळंतपणाच्या रजेवर गेली तर कंपनी सहा महिने बंद असते.

आपल्याकडची गोष्ट काही कमी जुनी नाहीये. भारतात १९०९ मध्ये बंगळुरूला स्काउटिंग आलं तेव्हा ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होतं, आपली मुलं त्यात नव्हती. मग आपल्याच लोकांनी वेगळ्या संघटना काढल्या, ॲनी बेझंटनी काढली, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी ह्यांनी सेवा समितीची काढली, आणि स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काउट्स अँड गाईड्स झालं, पुढच्या वर्षी गाईड्स त्यात आल्या. म्हणजे आपल्याकडे ही चळवळच मुळी आत येऊ न दिलेल्यांनी उभी केलीय. आम्हाला का नाही, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे. आणि मला वाटतं तेरा वर्षांची गाईड तोच प्रश्न विचारत असेल तर तिला ते शोभतं.

बरं, आता कोर्ट ऑफ ऑनरचं प्रत्यक्षात काय होतं ते बोलूया, कारण इथेच सगळं अडतं. नियमात ते आहेच. प्रत्येक ट्रूपला, प्रत्येक कंपनीला असायला पाहिजे. पण कितीतरी शाळांमध्ये ते फक्त वहीत असतं. राज्य पुरस्काराची (स्काउट-गाईडमधल्या राज्य पातळीवरच्या बॅजची) टेस्टिंग जवळ आली की वह्या पूर्ण करायची गडबड सुरू होते आणि मग मुली एकत्र बसून न झालेल्या मिटिंगांचे वृत्तांत लिहितात, सुंदर अक्षरात, खाली रेघ मारून, अध्यक्ष अमुक, विषय वृक्षारोपण, सर्वानुमते मंजूर. मला हे बघून फार वाईट वाटतं. वृत्तांत खोटा आहे हे तर आहेच, पण त्याहून जास्त म्हणजे त्या मुलींना ह्यातून असंच कळतं की मिटिंग म्हणजे नंतर लिहायची गोष्ट. मग त्यातली एखादी मुलगी उचलून आपण ग्रुप कमिटीत नेऊन बसवली तर ती काय बोलणार? कोणाच्या वतीने बोलणार? तिच्या मागे काही ठरलेलंच नाही. ती तिथे एकटी पडते, आणि मोठी माणसं म्हणतात बघा, बोलवलं तरी बोलत नाहीत.

म्हणून आम्ही आधी कोर्ट ऑफ ऑनर खरं चालू केलं. दर पंधरवड्याला, परेडनंतर, मी खोलीत असते पण खिडकीजवळ बसते, टेबलाजवळ नाही. सुरुवातीला सगळ्या माझ्याकडे बघून बोलायच्या. काहीही ठरवायचं झालं की, टीचर, चालेल ना? मी म्हणायचे, मला विचारू नका, मला मत नाहीये. एकदा पंधरा मिनिटं कोणी काही बोललंच नाही, बाहेर पाऊस आणि आत ह्या सगळ्या नखं कुरतडत बसलेल्या, आणि मी मनाला आवर घालून गप्प राहिले. मग एकीने हळूच विचारलं, तंबूचे दोर कुजलेत त्याचं काय करायचं? आणि तिथून गाडी लागली. दोर नवीन घ्यायचे तर किती लागतात, कुठे मिळतात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात स्वस्त मिळतात हे एकीला माहीत होतं कारण तिचे बाबा तिथे बसतात. मला नव्हतं माहीत.

हे नीट चालायला लागल्यावरच दोघींना ग्रुप कमिटीत नेलं, आणि पहिल्याच वेळी जे झालं ते सांगते कारण माझं सगळं म्हणणं त्यात आलं.

विषय होता हजेरी. शुक्रवारच्या परेडला मुली कमी का येतात. आता गोव्याबाहेरून वाचणाऱ्यांना सांगते, आमच्याकडे बऱ्याचशा शाळा सकाळी लवकर भरतात आणि दुपारी दीडच्या सुमाराला सुटतात, त्यामुळे परेड शाळा सुटल्यावर दोन ते साडेतीन. मोठ्यांनी कारणं द्यायला सुरुवात केली. ट्यूशन. मोबाईल. हल्लीच्या मुलांना शिस्त नको. दहावीचं टेन्शन. एक सर म्हणाले की युनिफॉर्म उन्हात गरम होतो. ह्यातलं एकेक खरंही असेल, मी नाही म्हणत नाही. सगळ्यांचं बोलून झाल्यावर मी म्हटलं, ह्या दोघींना विचारूया. तर त्यातली एक, आठवीतली, उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आमच्या वाड्यावर जाणारी कदंबा बस दोनला जाते. ती चुकली की मग सव्वापाचला. साडेतीनला परेड सुटली की आम्ही सातजणी स्टँडवर बसतो. जेवलेल्या पण नसतो." आणि बसली खाली.

कोणी काही बोललं नाही थोडा वेळ. खोलीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडे स्कूटर होती, माझ्याकडे पण आहे. बसचं टाइमटेबल आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं कारण आम्ही त्या बसमध्ये बसतच नाही. परेड शनिवारी आणली, शनिवारी शाळा लवकर सुटते, बस धरता येते, आणि मुली यायला लागल्या. मिटिंगमध्ये मुलं कशाला ह्याचं माझ्याकडे ह्यापेक्षा चांगलं उत्तर नाहीये. ती तिथे शिकायला आली नव्हती. आम्हाला माहीत नसलेलं तिला माहीत होतं म्हणून आली होती.

आणि अशा गोष्टी भरपूर असतात. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या आठवड्यात कॅम्प ठेवला तर सत्तरी तालुक्यातली मुलं येणार नाहीत कारण ती माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या सजावटीचं, सामान आणायला घरच्यांबरोबर रानात जातात, हे शहरातून येणाऱ्या स्काउट-गाईडच्या कमिशनरना कसं कळणार? बोंडल्याला किंवा मोलेच्या बाजूला रानात कॅम्प असला की मुलींच्या डोक्यात पहिला प्रश्न संडासाचा असतो, दाराला कडी आहे का, पाणी आहे का, पाळी आली तर पॅड टाकायचं कुठे. ह्या प्रश्नामुळे कितीजणी घरी पोट दुखतंय सांगून राहतात. कमिटीत बहुतेक पुरुष, तिथे एकटी मुलगी हे बोलणार नाही, म्हणूनच मी म्हणते एकीला कधीच बोलवू नका, दोघी पाहिजेत, आणि आधी आपल्या मिटिंगमध्ये ठरवून, कागदावर लिहून आलेल्या. कागदावरचं वाचायला लाज कमी वाटते.

आता त्या पहिल्या सरांचं म्हणणं, मोकळेपणाने बोलता येणार नाही. ह्यात तथ्य आहे आणि मी ते उडवून लावणार नाही. काही गोष्टी मुलांसमोर बोलायच्याच नसतात. कोणाची फी माफ करायची, कोणाच्या घरी काय चाललंय, एखाद्या मुलाची तक्रार, एखाद्या लीडरबद्दलची तक्रार. एका ठिकाणी असं झालं की एका मुलाच्या कॅम्पच्या पैशांवरून चर्चा चालू असताना दुसरी मुलं तिथेच बसलेली होती, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसमध्ये त्याच्या वडिलांच्या दारूवर सगळे बोलत होते. तो मुलगा परत आला नाही स्काउटमध्ये. हे मी विसरू शकत नाही. गोव्याने २००३ मध्येच मुलांसाठी वेगळा कायदा केला, गोवा चिल्ड्रन्स ॲक्ट, देशात पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, यायच्या नऊ वर्षं आधी, आणि मुलांच्या संरक्षणाची बाब निघाली की ती ठरलेल्या मार्गानेच गेली पाहिजे, चहा पिता पिता मिटिंगमध्ये चघळायची नाही, तिथे मुलं असोत वा नसोत.

पण ह्यावर उपाय मुलांना बाहेर ठेवणं नाही. मिटिंगचे दोन भाग करा. पहिल्या भागात कार्यक्रम, कॅम्प, तारखा, सामान, खर्चाचा अंदाज, ह्यात मुलं. मग त्यांना घरी पाठवा आणि दुसरा भाग मोठ्यांनी करावा. आणि वेळ बघा हो. संध्याकाळी सातची मिटिंग ठेवून मुली येत नाहीत म्हणायचं ह्याला काही अर्थ नाही. रविवारी सकाळी ठेवा, चर्चला जाणारे जाऊन येतील, घरची पूजा आटपेल, आणि दुपारच्या जेवणाआधी सगळे घरी.

एक गोष्ट मात्र त्या सरांना सांगावीशी वाटते. दुसऱ्या भागात जे बोलायचं ते खरंच गोपनीय आहे का ते बघा. कोणाला पद मिळालं, कोण कोणाच्या जवळचा, कोणी कोणाला कळवलं नाही, ह्यात निम्मी मिटिंग जाते आणि आपण त्यालाच मोकळेपणा म्हणतो. पहिल्या भागात मुलं बसायला लागल्यापासून आमच्या मिटिंगा लवकर संपतात, हे सगळ्यांनीच मान्य केलंय.

अमेरिकेत ही वाटणी बरीच स्पष्ट आहे. तिथे मुलांनी निवडलेला सीनियर पेट्रोल लीडर असतो, तो पेट्रोल लीडर्सची कौन्सिल चालवतो, वर्षाचा कार्यक्रम ती कौन्सिल बनवते, आणि मोठ्यांची ट्रूप कमिटी पैसे, गाड्या, परवानग्या, रेकॉर्ड हे बघते. मुलगा आपला प्लॅन घेऊन कमिटीसमोर येतो, मांडतो, प्रश्नांना उत्तरं देतो. त्यांच्याकडे सगळं आदर्श आहे असं नाही, पण निदान कोणाचं काम काय हे ठरलेलं आहे. काम मुलांचं, त्याला आधार मोठ्यांचा.

आपल्या कायद्यातही मुलांना जागा आहे, फक्त आपण बघत नाही. शिक्षण हक्क कायद्याखाली शाळा व्यवस्थापन समिती असते, पाऊण भाग पालकांचा. उरलेल्या पाव भागातला एक तृतीयांश स्थानिक शिक्षणतज्ज्ञ किंवा शाळेतली मुलं ह्यांच्यातून घ्यावा असं केंद्राच्या २०१० च्या नियमांत लिहिलंय. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९८९ चा, भारताने १९९२ मध्ये स्वीकारला, त्याच्या बाराव्या कलमात आहे की मुलाशी संबंधित गोष्टीत त्याला मत मांडता आलं पाहिजे आणि त्या मताला वय आणि समज बघून वजन दिलं पाहिजे. ह्यातलं वजन दिलं पाहिजे हे जास्त महत्त्वाचं. रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने १९९२ मध्येच युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, त्यात सगळ्यात खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग म्हणतच नाही. मुलांना वापरून घेणं, शोभेला ठेवणं, आणि नावापुरतं बसवणं. आपल्याकडे कार्यक्रमात गाईड्सना गुलाबाची फुलं घेऊन दाराशी उभं करतात ना, पाहुणे येईपर्यंत तासभर उन्हात, ती दुसरी पायरी. आणि बसतील गप्प, शिकतील, ही तिसरी.

शिकतील हे खरं आहे, पण कसं? आमच्या गावात जत्रेला नाटक असतं, तिथे पोरगं आधी पडदा ओढतं, मग हातात वही घेऊन प्रॉम्प्टिंग करतं, मग भालदार-चोपदार होतं आणि मग एखाद्या वर्षी त्याला मोठं काम मिळतं. पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे काहीतरी काम असतं, पडदा वेळेवर पडला नाही तर नाटक थांबतं. नुसतं विंगेत उभं राहून कोणी नट झालेलं मी बघितलं नाही. मिटिंगमध्ये पण मुलीकडे काम पाहिजे, एखादा विषय तिने मांडायचा, वृत्तांताचा एखादा भाग तिने लिहायचा. आणि तिचं म्हणणं नाकारलं तर का नाकारलं हे तिला तिथेच सांगायचं, म्हणजे ती परत जाऊन बाकीच्यांना सांगू शकेल. मुलींची एक मागणी होती पावसाळ्यात धबधब्यावर हाईक करायची, ती आम्ही नाकारली, कारण पावसात पाणी एकदम चढतं आणि सरकार पण दरवर्षी बंदी घालतं. नीट समजावलं. नाराज झाल्या पण गेल्या आणि स्वतःच्या कोर्ट ऑफ ऑनरमध्ये स्वतःच समजावून आल्या. तेच आम्ही सर्क्युलर काढून कळवलं असतं तर पुढचा महिनाभर तोंडं फुगलेली असती.

भाषेचं पण एक आहे आमच्या गोव्यात. मिटिंग सुरू होते कोकणीत, मध्येच मराठी, आणि सर्क्युलर वाचायचं आलं की सगळं इंग्लिश. इंग्लिश मिडियमची मुलं बोलतात आणि मराठी शाळेतली मुलगी, जी कोर्ट ऑफ ऑनरमध्ये सगळ्यात हुशार असते, ती गप्प होते. अजेंडा आदल्या दिवशी मुलींच्या हातात मराठीत द्या, एवढं तरी करता येतं. मी करते, अर्धा तास लागतो.

आणि शेवटी रोव्हर-रेंजर्सचं, म्हणजे स्काउट-गाईडमधल्या मोठ्या वयाच्या मुलामुलींचं, बोलायलाच पाहिजे, कारण लहान मुलांचं निदान वय तरी आड येतं, ह्यांचं काय? अठरा पूर्ण झालेली मुलगी ग्रामसभेत उभी राहून सरपंचाला प्रश्न विचारू शकते, आमदार निवडू शकते, आणि आमच्या जिल्ह्याच्या मिटिंगला ती आली तर तिच्या हातात खुर्च्या मांडायचं आणि पाणी वाटायचं काम देतात. जागतिक स्काउट समितीतसुद्धा सहा युथ ॲडव्हायझर, म्हणजे तरुण सल्लागार, निवडायची पद्धत पडली, मताचा हक्क नाही पण टेबलाशी बसून बोलायचं. इथे तर मतच द्यायला पाहिजे, ती सज्ञान आहे. माझ्या जुन्या गाईड्सपैकी ज्या हुशार होत्या त्यातल्या कितीजणी रेंजर झाल्या आणि वर्षा-दोन वर्षात सोडून गेल्या. विचारलं की म्हणतात, टीचर, तिथे आम्हाला काही करायला नसतं. आणि मग आपण मिटिंग घेतो की नवीन कॅप्टन मिळत नाहीत.

पुढची ग्रुप कमिटी ह्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे, सकाळी दहाला. पहिला विषय हिवाळी कॅम्पची जागा, तो मांडणार त्या दोघी, एक आठवीतली आणि एक नववीतली. त्यांनी लिस्ट केलीय, संडास, पाणी, शेवटची बस, आणि एक दिवस तरी माशांची कढी. मी सरांना फोन करून सांगितलंय की पहिलं त्या बोलतील, मग आपण. ते म्हणाले, बरं, पण पैशांचं कोण बघणार? मी म्हटलं, अंदाजपत्रक पण त्याच करून आणतायत, तुम्ही फक्त तपासा.